रिसीव्हर घेऊ की मिक्सर? घरातल्या हॉलसाठी आणि सोसायटीच्या हॉलसाठी

गणपती महिन्यावर आले की आमच्या मुलुंडच्या इमारतीत दोन खरेद्यांची चर्चा हमखास निघते. कुणाला घरी सिनेमा थिएटरसारखा ऐकायचा असतो, तर समितीला हॉलमधल्या कार्यक्रमांसाठी एकदाचं काहीतरी कायमचं घ्यायचं असतं. दोन्हीकडचे लोक येऊन विचारतात तेच: "आवाज कंट्रोल करायला नेमकं काय घ्यावं?" दुकानात दोन्ही यंत्रं काळीच, दोन्हींना मागे भरपूर भोकं, पुढे व्हॉल्यूमचं बटण. नवख्या माणसाची गल्लत होणं साहजिक आहे.

आमचीही झाली होती. एका वर्षी समितीने हॉलसाठी चांगला सात चॅनेलचा होम थिएटर रिसीव्हर आणला. पहिल्याच कार्यक्रमात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गायला उभ्या राहिल्या आणि कळलं, की माईकची वायर लावायला या यंत्राला जागाच नाही. पुढच्या बाजूला माईकचं चित्र काढलेलं एक छोटं भोक होतं, पण ते खोलीचं मोजमाप घेणाऱ्या माईकसाठी होतं. गाण्याचा माईक त्यात चालत नाही. धावपळ करून जवळच्या साउंडवाल्याकडून ॲम्प आणला, तोवर पाऊण तास गेला, आणि काकूंचा गाण्याचा मूड गेला तो गेलाच. रिसीव्हरमध्ये काही खोट नव्हती. आम्ही त्याला भलतंच काम दिलं होतं. तेव्हापासून मी कुणालाही मॉडेलचं नाव सांगण्याआधी एक कागद घ्यायला लावतो.

पहिली पायरी: आवाज कुठून येणार ते लिहून काढा

कागदावर आवाजाचे सगळे उगम लिहा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, गेमचं यंत्र, मोबाइल, लॅपटॉप, गाणाऱ्यांचे माईक, हार्मोनियम, तबला, निवेदकाचा माईक. आठवतील तितके. मग प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: हा आवाज आधीच मिसळून आलेला आहे की इथे, आपल्यासमोर मिसळायचा आहे?

सिनेमाचा आवाज तुमच्या घरी येतो तेव्हा मिसळण्याचं काम स्टुडिओत पूर्ण झालेलं असतं. संवाद मधल्या चॅनेलवर, पाऊस मागच्या स्पीकरांवर, स्फोटाचा दणका सबवूफरसाठी (खर्जाच्या मोठ्या स्पीकरसाठी) वेगळा, असं सगळं ठरवून त्याचं एक डिजिटल गाठोडं बांधलेलं असतं. हे गाठोडं सोडायचं आणि ज्याचा वाटा त्याला पोहोचवायचा, हे रिसीव्हरचं काम. भजनाचं तसं नाही. बुवांचा आवाज, पेटी, पखवाज हे सगळे वेगवेगळ्या वायरींतून वेगवेगळ्या जोराने येतात, आणि कोण किती ऐकू यावं हे त्या क्षणी कुणीतरी माणूस कान देऊन ठरवतो. त्या माणसाच्या हातातलं यंत्र म्हणजे मिक्सर.

कागदावर सगळं ‘आधीच मिसळलेलं’ असेल तर रिसीव्हर घ्या. सगळं ‘इथे मिसळायचं’ असेल तर मिक्सर. दोन्ही निघालं तर घाबरू नका, त्याचीही सोय आहे. पुढे सांगतो.

दुसरी पायरी: रिसीव्हर आणि प्रोसेसर यांतला फरक समजून घ्या

दुकानात हे दोन्ही शब्द कानावर येतील. प्रोसेसर फक्त आवाज उलगडतो, वाटतो आणि दुरुस्त करतो. स्पीकर वाजवायची ताकद त्याच्यात नसते, ती वेगळ्या पॉवर ॲम्पकडून घ्यावी लागते. प्रोसेसर आणि ॲम्प एकाच पेटीत बसवले की त्याला एव्ही रिसीव्हर म्हणतात. डेनॉन, यामाहा, मरांट्झ, ओंक्यो, सोनी ही नावं बहुतेकांनी ऐकलेली असतात. वेगळा प्रोसेसर आणि वेगळे ॲम्प हा मामला सहज काही लाखांत जातो. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये त्याचा फायदा कानाला कळणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने रिसीव्हरच घ्यावा.

सिनेमासाठी मिक्सर का चालत नाही, हे विचारणारेही भेटतात. कारणं साधी आहेत. साध्या मिक्सरला एचडीएमआयचं भोक नसतं. एचडीएमआयमधून येणाऱ्या सिनेमाला कॉपीपासून संरक्षण देणारं कुलूप असतं, आणि ते ज्या यंत्रांना परवाना आहे त्यांच्यापुढेच उघडतं. शिवाय डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींत बांधलेलं गाठोडं सोडण्याची सोय मिक्सरमध्ये नाही. समजा एखाद्या जुन्या प्लेअरमधून सहा वेगळ्या वायरी काढून मिक्सरला लावल्या, तरी आवाज कमी करायला सहा फेडर, म्हणजे वर-खाली सरकणारी आवाजाची बटणं, एका मापाने खाली ओढावे लागतील. रात्री बाळ झोपल्यावर हे करून बघा म्हणजे कळेल.

रिसीव्हर याशिवायही काही कामं गुपचूप करतो. खोलीतले स्पीकर कानापासून सारख्या अंतरावर नसतात. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून जवळच्या स्पीकरचा आवाज रिसीव्हर तेवढा थांबवून सोडतो आणि सगळे आवाज कानाशी एकत्र पोहोचतात. छोट्या स्पीकरांना न झेपणारा खालचा, म्हणजे खर्जातला, आवाज तो सबवूफरकडे वळवतो. ही सीमा सहसा ८० हर्ट्झवर (आकडा जितका कमी तितका सूर खालचा) ठेवतात आणि पहिल्यांदा तीच ठेवावी.

जुना रिसीव्हर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर त्याचं वय विचारा. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणारं तंत्र, थिएटरांत २०१२ साली आलं आणि घरच्या यंत्रांत २०१४पासून. त्याआधीच्या रिसीव्हरमध्ये ते नसणार. टीव्हीचा आवाज एकाच एचडीएमआय वायरीने उलट रिसीव्हरकडे आणण्याची सोय, म्हणजे ‘एआरसी’, २००९च्या आवृत्तीपासून आहे. तिची मोठी बहीण ‘ईएआरसी’ २०१७च्या आवृत्तीत आली. टीव्हीवरच्या ॲपमधला ॲटमॉस आवाज साध्या एआरसीवरूनही येऊ शकतो, मात्र टीव्हीनेही तो पुढे पाठवला पाहिजे. ब्लू-रेच्या चकतीवरचा पूर्ण दर्जाचा आवाज टीव्हीमार्फत न्यायचा असेल तर ईएआरसी लागते. लाल प्रकाशाच्या ऑप्टिकल वायरीने ५.१ (भोवतीचे पाच स्पीकर आणि एक सबवूफर) येतं, ॲटमॉस येत नाही.

तिसरी पायरी: खोली मोजा, मग चॅनेल ठरवा

मुंबईत ही पायरी पैशांच्याही आधी येते. टेप घ्या आणि हॉलची लांबी-रुंदी प्रत्यक्ष मोजा. बिल्डरच्या कागदावरचा आकडा धरू नका.

आपल्याकडच्या वन बीएचकेत सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. अशा खोलीत ७.१ लावलं तर मागचे दोन स्पीकर डोक्यालाच चिकटतात. तिथे ५.१ पुरे. बाजूचे स्पीकर सोफ्याच्या रेषेत किंवा जरासे मागे, कानापेक्षा थोडे वर, भिंतीवर बसवा. छताला भोकं पाडायची परवानगी असेल, घर स्वतःचं असेल आणि फॉल्स सीलिंगचं काम निघणारच असेल तर त्याच वेळी दोन स्पीकरच्या वायरी टाकून ठेवा. म्हणजे ५.१.२ची सोय झाली. भाड्याच्या घरात हा नाद नको.

सबवूफरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. बहुतेकांची तक्रार तिथेच असते. आवाज घुमतो, काही सुरांवर खोली थरथरते, काही सुरांवर सबवूफर बंद आहे असं वाटतं. हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक आवाज अडकून फुगतो. १० फूट अंतराच्या भिंतींमध्ये तो सुमारे ५६ हर्ट्झला आणि १५ फुटांत सुमारे ३८ हर्ट्झला फुगतो. दोन्ही आकडे सबवूफरच्याच मुलखातले. उपाय असा: सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा. ठेका असलेलं ओळखीचं गाणं लावा. मग भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा आणि कुठे खालचा आवाज सगळ्यात सारखा, स्वच्छ ऐकू येतो ते बघा. ती जागा सबवूफरची. घरातले लोक बघत राहतील, राहू द्या. या अर्ध्या तासाने जो फरक पडतो तो पुढचं महागडं मॉडेल घेऊनही पडत नाही.

कोपऱ्यात ठेवला तर आवाज सगळ्यात मोठा येतो, पण स्लॅब आणि भिंतीतून खालच्या-शेजारच्या घरातही तोच सगळ्यात जास्त जातो. खाली जाड रबराचं किंवा फोमचं पॅड घाला. रात्री रिसीव्हरमधला नाइट मोड चालू करा. त्याने स्फोटाचे दणके दबतात आणि हळू संवाद वर येतात. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायला इतकी उपयोगी दुसरी सोय रिसीव्हरमध्ये नाही.

चौथी पायरी: माईक मोजा

आता सोसायटीच्या हॉलकडे येऊ. इथे चॅनेलच्या आकड्याने फसगत होते. मिक्सरच्या नावात १० किंवा १२ आकडा असला म्हणजे तितके माईक लागतात, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. यामाहाच्या एमजी१०एक्सयूला माईक लागतात चार, आणि एमजी१२एक्सयूला सहा. उरलेली भोकं मोबाइल, कीबोर्ड, लॅपटॉप यांच्यासाठी असतात. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न असा: "एका वेळी माईक किती लागतील?"

भजनी मंडळाचा हिशोब मांडून बघा. बुवांना एक, हार्मोनियमला एक, पखवाजाला दोन तोंडांचे दोन, कोरसला दोन. झाले सहा. टाळांना माईक लावू नका. ते बाकीच्या माईकमध्ये पुरेसे शिरतात. निवेदकाला सातवा. म्हणजे सहा माईकचा मिक्सर पहिल्याच दिवशी अपुरा. माझा नियम असा, की आज लागतील त्यापेक्षा दोन जास्त धरा. घरात फक्त दोघंतिघं कराओके गाणार असतील तर चार माईकचा छोटा मिक्सर वर्षानुवर्षं पुरतो.

माईकसाठी मिक्सर का लागतो, तेही समजून घ्या. शुअरचा एसएम५८, १९६६पासून जगभरच्या स्टेजवर दिसणारा, तोंडाजवळ धरून गायलं तरी साधारण काही मिलिव्होल्टच देतो. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो. रिसीव्हरच्या मागची लाल-पांढरी भोकं या दुसऱ्या मापासाठी बनवलेली असतात. माईकचा आवाज आधी शेकडो पटींनी वाढवावा लागतो आणि ते काम मिक्सरमधलं गेन करतं. काही माईकना चालायला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा पुरवठाही लागतो, त्याला फँटम पॉवर म्हणतात. अशा माईकना कंडेन्सर माईक म्हणतात; तसा असेल तरच ती चालू करा.

डिजिटल की साधा? बेरिंजरच्या एक्सआर१८सारखे मिक्सर १६ माईक घेतात, टॅबलेटवरून चालतात आणि प्रत्येक कार्यक्रमाची मांडणी साठवून ठेवतात. नाटकाच्या ग्रुपला किंवा बँडला ते उत्तम. पण सोसायटीत दरवर्षी समिती बदलते आणि साउंडला बसणारा मुलगाही बदलतो. त्याला समोर सगळी बटणं दिसली पाहिजेत. वायफायचा पासवर्ड कुणाला आठवत नाही म्हणून आरती थांबलेली मी पाहिली आहे. सोसायटीला साधा मिक्सर घ्या. डिजिटल घ्यायचाच असेल तर बाहेरचा चांगला राउटर लावा. गर्दीत शेदोनशे मोबाइल जमले की मिक्सरच्या आतल्या वायफायचा जीव कमी पडतो.

घ्यायच्या आधी एका कार्यक्रमासाठी तसाच मिक्सर साउंडवाल्याकडून भाड्याने आणा, आणि ज्या मुलाला बसायचं आहे त्यालाच बसवा. त्या एका संध्याकाळी जे कळतं ते दुकानात कळत नाही.

पाचवी पायरी: दोन्ही हवं असेल तर

घरी सिनेमाही बघायचा आणि शनिवारी कराओकेही गायचं, हा प्रकार आता बराच दिसतो. इथे रिसीव्हर आणि छोटा मिक्सर दोन्ही घ्यायचे आणि मिक्सर रिसीव्हरच्या आधी बसवायचा. माईक मिक्सरला. लॅपटॉप किंवा मोबाइलच्या गाण्याचा आवाजही मिक्सरला. मिक्सरमधून निघणारी डावी-उजवी जोडी रिसीव्हरच्या मागे ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेल्या लाल-पांढऱ्या भोकांत. सिनेमाची एचडीएमआयची वाट तशीच राहते, तिला हात लावायचा नाही. सिनेमा बघताना रिमोटवर टीव्ही निवडा, गाताना सीडी निवडा.

काही बारकावे इथे जपायला हवेत. रिसीव्हरमध्ये या आवाजासाठी ‘डायरेक्ट’ मोड लावा. नाहीतर खोली दुरुस्त करण्याच्या हिशोबात गाणाऱ्याचा स्वतःचा आवाज त्याला उशिरा ऐकू येतो आणि तो तालातून सुटतो. ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथ माईकवर हा उशीर कितीतरी जास्त असतो, म्हणून गाण्यासाठी वायरच हवी. मिक्सरचा मीटर, म्हणजे आवाजाचा जोर दाखवणाऱ्या दिव्यांची पट्टी, शून्याला नेऊ नका. घरगुती रिसीव्हरच्या भोकांना स्टेजच्या मापाचा जोर झेपत नाही, आवाज फाटतो. मीटर -१०च्या आसपास ठेवला की पुरतं. रिसीव्हरमधून रेकॉर्डिंगसाठी निघणारी वायर परत मिक्सरला कधीही जोडू नका. आवाज गोल फिरायला लागतो आणि क्षणात कर्कश होतो.

शेवटची काळजी स्पीकरांची. घरच्या स्पीकरमधला वरच्या आवाजाचा ट्वीटर फार नाजूक असतो. चालू माईक हातातून पडला किंवा स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून जोराची शिट्टी बसली तर तो जळू शकतो. मुलं गाणार असतील तर व्हॉल्यूम आधीच खाली ठेवा, आणि माईक दुसऱ्याच्या हातात देताना त्याचा फेडर खाली घ्या.

जागा किंवा बजेट कमी असेल आणि ५.१ नकोच असेल, तर आणखी एक सरळ मार्ग आहे: छोटा मिक्सर आणि आतच ॲम्प असलेले दोन स्पीकर. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून आवाज मिक्सरला घ्या. सिनेमा दोन स्पीकरांवर ऐकू येईल, माईकही चालतील. गाण्याची आवड सिनेमापेक्षा मोठी असेल, तर वन आरकेत राहणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो.

सहावी पायरी: वायरी

एकदा हॉलमध्ये मोबाइलवरून गाणं लावलं. वाद्यं खणखणीत ऐकू येत होती आणि गायिकेचा आवाज गायब. सगळे मोबाइलला दोष देत होते. चूक वायरीची होती. मोबाइलची डावी-उजवी अशी दोन बाजूंची वायर आम्ही मिक्सरच्या एकाच माईक-लाइन चॅनेलमध्ये खुपसली होती. त्या भोकाची रचनाच अशी, की ते एका बाजूतून दुसरी बाजू वजा करतं. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तोच नेमका वजा होतो. मोबाइलसाठी एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना असलेली वायर घ्या, आणि त्या दोन पिना स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या-उजव्या भोकांत लावा.

मिक्सरमधून रिसीव्हरकडे जाताना पुष्कळ छोट्या मिक्सरना लाल-पांढऱ्या पिनांची ‘रेकॉर्ड आउट’ किंवा ‘टेप आउट’ जोडी असते. ती सगळ्यात सोपी. मात्र ती काही मिक्सरमध्ये मुख्य फेडरच्या आधी निघते, तिथे फेडर हलवून आवाज कमी होत नाही. जोडल्यावर एकदा तपासून बघा.

स्पीकरमधून सतत हम्म असा आवाज येत असेल तर सगळ्या यंत्रांचे प्लग एकाच बोर्डावर आणा. तरीही येत असेल तर केबल टीव्हीची वायर काढून बघा. पुष्कळदा तीच दोषी निघते. त्यावर आयसोलेटर मिळतो. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात आणि आवाज गेला म्हणून खूश होतात. हे कधीही करू नका. ओल्या हाताने माईक धरणाऱ्या माणसाचा जीव त्या पिनेवर असतो.

सातवी पायरी: दुकानात

ग्रँट रोड स्टेशनजवळची लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, वायरी, पिना, कनेक्टर यांसाठी अजूनही माझी पहिली पसंती आहे. लांबी सांगा आणि समोर डाग देऊन वायर बनवून घ्या. रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात. मिक्सर आणि माईक वाद्यांच्या दुकानात बघावेत. धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या ठिकाणी माईक हातात घेऊन बोलून बघता येतो. रिसीव्हर मात्र ऐकण्याची खोली असलेल्या दुकानातच ऐका, आणि जाताना शंभरदा ऐकलेलं स्वतःचं गाणं सोबत न्या. दुकानातली फीत प्रत्येक स्पीकरवर छानच वाजते.

जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी याशिवाय काही घेऊ नका. अमेरिकेहून भाच्याने आणलेला रिसीव्हर हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. तो बहुधा १२० व्होल्टचा असतो, आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. पाठीमागे लिहिलेला आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि दुरुस्तीला इथे कुणी दाद देईलच असं नाही.

आठवी पायरी: पहिला दिवस

रिसीव्हर असेल तर पंखे, एसी बंद करा, खिडक्या लावा आणि रस्ता शांत असताना, रविवारी सकाळी लवकर मोजमाप घ्या. सोबत आलेला छोटा माईक कानाच्या उंचीवर, स्टँडवर किंवा ट्रायपॉडवर ठेवा. हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. मोजून झाल्यावर सेटिंगमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे खालचा आवाज सबवूफरकडे) आहेत ना ते बघा. मराठी संवाद पुटपुटल्यासारखे वाटले तर मधला स्पीकर दोन-तीन डेसिबल वाढवा. रिसीव्हर तापतो, म्हणून त्याला बंद शोकेसमध्ये कोंबू नका. वर मोकळी जागा हवीच.

मिक्सर असेल तर आधी फेडर खाली. गाणाऱ्याला खऱ्या जोराने गायला सांगा, आणि गेन इतकंच वाढवा की मीटर शून्याच्या (मिक्सर रिसीव्हरला जोडला असेल तर पाचव्या पायरीतल्या -१०च्या) आसपास खेळेल, लाल दिवा लागणार नाही. मग फेडर शून्याच्या खुणेवर आणा. आवाज कमीजास्त करणं पुढे फेडरने. गेनला पुन्हा हात नको. प्रत्येक गाण्याच्या माईकवर खालचा आवाज कापणारं, ८० किंवा १०० लिहिलेलं बटण दाबून ठेवा. त्याने माईक हाताळल्याची धडधड आणि पंख्याची घरघर जाते.

शिट्टी येते तेव्हा नवखा माणूस इकडची तिकडची बटणं फिरवतो. आधी जागा बघा. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असले पाहिजेत. माईक तोंडाच्या जवळ आणा. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि तितकं गेन कमी करता येतं. जाळीभोवती मूठ आवळू देऊ नका. न वापरलेले माईक बंद ठेवा. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतची मोकळीक ३ डेसिबलने घटते. आणि टाइल्सच्या हॉलमध्ये तो ‘एको’ बंदच ठेवा. लोक मागतील तरीही. हॉल आधीच घुमत असतो, त्यात भजनाचे शब्द हरवतात, आणि शब्दांसाठीच तर लोक बसलेले असतात. खाली सतरंज्या आणि मागे जाड पडदे लावल्याने जितका फरक पडतो तितका मिक्सरच्या कुठल्याच बटणाने पडत नाही.

वेळही पाळा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. गणेशोत्सवात ठरावीक दिवशी सरकार १२पर्यंत सवलत देतं, त्या दिवसांची यादी आधी बघून ठेवा.

पावसाळ्यात दोन्ही यंत्रं आठवड्यातून एकदा अर्धा तास नुसती चालू ठेवा. आतल्या उबेने दमट हवा बाहेर पडते. मिक्सरवर सुती कापड टाका, प्लॅस्टिक गुंडाळू नका. माईकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी ॲम्प किंवा रिसीव्हर. बंद करताना आधी ॲम्प, मग मिक्सर. हा क्रम कागदावर लिहून मिक्सरच्या कपाटाला आतून चिकटवा, पुढच्या वर्षी बसणाऱ्या मुलासाठी.